प्रश्न तुमचे, उत्तर आमचे : शॉप फ्लोअरवर आम्ही तिघीच

प्रश्न : कारखान्याच्या देखभाल विभागात आम्ही तिघीच बायका. मीटिंगमध्ये आमची सूचना पाच मिनिटांनी दुसऱ्याच्या नावावर जाते. हातमोजे आणि बूटही ढगळ मिळतात. एकमेकींसाठी नेमकं काय करता येईल?

उत्तर : मीटिंगचं आधी. एकीने मुद्दा मांडला की दुसरीने लगेच नाव घेऊन तो पुन्हा बोलायचा : ‘बेअरिंग बदलायला लागणारा वेळ कमी करा, हे आत्ता सुनीता मॅडम म्हणाल्या त्याला जोडून…’ ओबामांच्या काळात व्हाइट हाउसमधल्या महिला सल्लागारांनी हीच युक्ती वापरली होती. नुसतं ‘बरोबर आहे’ म्हणून भागत नाही, नाव हवंच. आणि इतिवृत्त लिहायचं काम आळीपाळीने सगळ्यांकडे जाऊ द्या, पुरुषांकडेसुद्धा. कायम तुमच्याच गळ्यात नको.

मापाची तक्रार एकटीने केली की ‘नखरे’ ठरते, म्हणून तिघींचा एकच अर्ज द्या, आकड्यांसकट. हातमोज्यासाठी अंगठा वगळून तळहाताचा घेर मोजा : १७८ मिमी म्हणजे ७ नंबर, २०३ म्हणजे ८. भांडारात बहुधा ९-१० पडलेले असतात. ढगळ हातमोज्यात बोटांच्या टोकाशी कापड दुमडतं, नट हातातून सुटतो, मग माणूस हातमोजा काढूनच काम करतो आणि हात कापतो. अर्जात हेच लिहा. (फिरत्या ड्रिलजवळ मात्र मापाचेही हातमोजे नकोत, ते ओढले जातात.) मोठ्या बुटात पाय पुढे सरकून बोटं बुटाच्या टोकातल्या लोखंडी टोपीवर आदळतात, शिडी उतरताना तर हमखास. दोन जोड पायमोजे घालणं हा उपाय नव्हे, टाच सैलच राहते.