इंडेक्स बांधायला पाऊण तास का लागतो?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी कॉम्प्युटरचं सगळं बघतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमधलं डिस्पॅचचं टेबल सहा कोटी रेकॉर्ड्सचं झालंय. लॉट नंबरवर इंडेक्स, म्हणजे रेकॉर्ड पटकन सापडावं म्हणून क्रमाने लावलेली यादी, बांधायला पाऊण तास जातो. रॅम १६ जीबी. वर्क_मेम ही मेमरीची सेटिंग ४ एमबीची २५६ केली, तरी काडीचा फरक नाही. काय चुकतंय?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुम्ही भलताच नळ सोडलाय, आणि आपल्या गावात ते परवडत नाही! वर्क_मेम ही क्वेरीतल्या, म्हणजे डेटाबेसकडे माहिती मागताना होणाऱ्या, सॉर्टसाठी. ती आधी खाली आणा, कारण प्रत्येक कनेक्शन तेवढी मेमरी मागू शकतं, तीही एकाच क्वेरीत दोन-तीनदा.

इंडेक्स बांधताना चालते ती मेंटेनन्स_वर्क_मेम. मुळात ती फक्त ६४ एमबी असते. तुमच्या फोल्डिंग खात्यात लहान टेबलावर टॉवेल रंगवार लावायला सांगितलं तर बाई काय करेल? मावतील तेवढे लावून गठ्ठा बांधेल, खाली ठेवेल, पुढचे घेईल. शेवटी सगळे गठ्ठे सोडून एकत्र लावेल. डेटाबेस तेच डिस्कवर करतो. इंडेक्स चालू असताना पीजीएसक्यूएल_टीएमपी हे फोल्डर उघडून बघा, गठ्ठे फुगताना दिसतील.

आणखी एक मेख आहे. ११व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, साध्या बी-ट्री (नेहमीच्या प्रकारच्या) इंडेक्सला दोन जादा वर्कर, म्हणजे मदतीच्या प्रोसेस, मिळू शकतात. पण मेमरी सगळ्यांत मिळून एकच, आणि मुख्य प्रोसेस धरून प्रत्येकाच्या वाट्याला किमान ३२ एमबी यावी लागते. ६४ एमबीत एकच वर्कर बसतो, दुसरा घरी.

तेव्हा इंडेक्सच्या आधी, त्याच सेशनमध्ये (त्याच कनेक्शनवर), मेंटेनन्स_वर्क_मेम ही सेटिंग १ जीबी करा. कॉन्फिग फाइलीत नको. मी एकदा ८ जीबीच्या मशीनवर तिथेच लिहून मोकळा झालो. ऑटोव्हॅक्यूमचे, म्हणजे डेटाबेसच्या आपोआप होणाऱ्या साफसफाईचे, तीन वर्करही हीच मर्यादा वापरतात, हे ध्यानातच नव्हतं. जुन्या रेकॉर्ड्सची मोठी सफाई केली त्या रात्री मशीन स्वॅपमध्ये गेलं, म्हणजे रॅम संपून डिस्कवर रखडलं, आणि सकाळी बिलिंगची मंडळी माझ्या टेबलाभोवती उभी!

पाऊण तासाची पाच मिनिटं होतील असं मात्र समजू नका. लॉट नंबर टेक्स्टमध्ये असेल तर तुलनेतच बराच वेळ जातो. तिथे 'सी' कोलेशन, म्हणजे अक्षरांचा क्रम भाषेच्या नियमांऐवजी थेट बाइटवरून लावणं, मेमरीपेक्षा जास्त कामाला येईल. आणि साधा इंडेक्स बांधताना टेबल वाचता येतं, त्यात लिहिता येत नाही. इंडेक्सच्या आज्ञेत कॉन्करंटली लावलं तर लिहिता येतं, पण टेबल दोनदा वाचलं जातं, म्हणजे वेळ वाढला. शेवटची गाडी गेटबाहेर पडली की मगच सुरू करा.