नदीच्या गाळात गेलेली वाफेची इंजिने : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पूल कोसळून किंवा पुरात सापडून नदीत गेलेली वाफेची इंजिने अजूनही शोधली जातात, असे वाचले. वीस-तीस टन वजनाची वस्तू नदीत हरवते कशी, आणि इतकी वर्षे सापडत का नाही?

उत्तर : इंजिन हरवते ते त्याच्या वजनामुळेच. वाहत्या पाण्यात जड वस्तू पडली की तिच्या कडेने पाण्याचे भोवरे फिरू लागतात आणि तिच्याखालची रेती खरवडून नेतात. त्या खड्ड्यात वस्तू कलते, खचते, तिच्याखाली पुन्हा खड्डा पडतो. भर पुरात पात्राचा तळच खोलवर ढवळला जात असल्याने ही क्रिया फार वेगाने घडते, आणि पूर ओसरू लागला की वरून रेती व गाळ बसून सारे सपाट होते. एरवी घोटाभर पाणी असलेल्या ओढ्यातही इंजिन काही मीटर खाली गाडले जाऊ शकते, ते यामुळेच.

दुसरे कारण असे की नदी आपली जागा सोडते, किंवा माणूस तिला ती सोडायला लावतो. जर्मनीतील ऱ्हाइन नदीचा वरचा प्रवाह सरळ करण्याचे काम टुल्ला या अभियंत्याच्या योजनेनुसार १८१७ मध्ये सुरू झाले आणि १८७६ पर्यंत चालले. या काळात, फेब्रुवारी १८५२ मध्ये, कार्ल्सरूहे येथे बांधलेले एक नवे कोरे इंजिन जहाजातून नेले जात असताना गेर्मर्सहाइमजवळ वादळात ऱ्हाइनमध्ये पडले. तेव्हाची नदी आणि आजची नदी यांचे काठ एकच आहेत असे धरून चालणारा शोधक पहिल्याच पावलाला चुकेल. जुने प्रवाह आज कित्येकदा शेताखाली किंवा झाडीखाली असतात.

प्रश्न : मग शोध नेमका कसा घेतात? चुंबकीय उपकरणाने इंजिन लगेच कळत नाही का?

उत्तर : चुंबकमापकाने लोखंड कळते, इंजिन कळत नाही, आणि या क्षेत्रातील बहुतेक निराशा हा भेद विसरल्यामुळे पदरी आल्या आहेत. लोखंडाचा मोठा साठा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात स्थानिक फरक निर्माण करतो, आणि होडीला किंवा काठावर माणसाच्या हाती असलेल्या मापकाने तो मोजता येतो. परंतु साठ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की हा फरक सुमारे एक-अष्टमांश उरतो. त्यामुळे खोलवरचे इंजिन आणि वरवरची लोखंडी मोडतोड यांच्या नोंदी एकमेकींसारख्या दिसू शकतात. त्यातच पुलाच्या तुळया, विजेच्या तारा, जुन्या बंधाऱ्यांतील लोखंड, इतकेच काय पण काही प्रकारचे दगडही मोजणीत घोळ घालतात. ध्वनिलहरींनी तळाचे चित्र काढणारा सोनार गाळावर पडलेली वस्तू छान दाखवतो, पण गाडलेल्या वस्तूसाठी तो अपुरा पडतो. भूवेधी रडार गोड्या पाण्यात आणि रेतीत उपयोगी पडते, चिकणमातीत आणि खाऱ्या पाण्यात मात्र त्याच्या लहरी लवकर विरतात. अखेर एक लांब सळई गाळात खोचून ती लोखंडाला टेकते का हे पाहणे, किंवा छिद्र पाडून नमुना काढणे, हाच निर्णायक पुरावा ठरतो. मोठा खर्च करण्याआधी ही साधी परीक्षा झालीच पाहिजे.

तरीही या सर्व उपकरणांच्या आधी मी दफ्तरखान्याचे नाव घेईन. इंजिन कुठे आहे, हा प्रश्न दुसरा. ते अजून तिथे आहे का, हा पहिला. अमेरिकेत कोलोराडोमध्ये २१ मे १८७८ च्या रात्री कायोवा क्रीक या ओढ्याला पूर येऊन पूल वाहून गेला आणि कॅन्सस पॅसिफिक रेल्वेची मालगाडी त्यात कोसळली. इंजिनावरील तिघे जण मृत्युमुखी पडले. वाघिणींचे अवशेष मिळाले, पण इंजिन गाळात नाहीसे झाल्याची कथा शंभर वर्षे सांगितली गेली. बुडालेल्या जहाजांचा शोध घेणाऱ्या नुमा या संस्थेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे कसून शोध घेतला, आणि शेवटी जुन्या नोंदींवरून निष्कर्ष काढला की रेल्वेने ते इंजिन गाजावाजा न करता पूर्वीच बाहेर काढले होते आणि दुरुस्त करून, नवा क्रमांक देऊन, पुन्हा कामाला लावले होते. ओढ्यात शोधण्यासारखे काही उरलेच नव्हते.

ऱ्हाइनमधील इंजिनाचा शोध एका निवृत्त इंजिनचालकाच्या ध्यासातून सुरू झाला. भूभौतिकीचे जाणकार त्याला येऊन मिळाले, चुंबकीय मोजणीवरून जागा ठरली, आणि २०१८ मध्ये ते उचलण्याची तयारीही झाली. परंतु इंजिन त्या जागी नसल्याचे त्याच वर्षी निष्पन्न झाले. या मंडळींच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्यांची मोजणी खोटी नव्हती. तिचा अर्थ लावताना जी अनिश्चितता होती, ती पुसली गेली नव्हती.

प्रश्न : गाळातून बाहेर आलेले इंजिन पुन्हा चालू शकते का?

उत्तर : चालू शकते, आणि याची उत्तम उदाहरणे न्यूझीलंडमध्ये आहेत. तेथील इंजिने मात्र अपघाताने हरवलेली नाहीत. काठाची धूप थांबवण्यासाठी तेथील रेल्वेने निकामी इंजिने मुद्दाम नदीकाठी टाकली होती. दगडाच्या भरावाऐवजी लोखंडाचा भराव, असा तो व्यवहार होता. अमेरिकेतील रॉजर्स कारखान्याने १८७७-७८ मध्ये बांधलेल्या के वर्गाच्या आठ इंजिनांपैकी ‘वॉशिंग्टन’ नावाचे के ८८ हे इंजिन १९२७ मध्ये साउथलंडमधील ब्रँक्सहोम येथे ओरेटी नदीत टाकले गेले. रेल्वेप्रेमींनी ते १९७४ च्या जानेवारीत बाहेर काढले, आणि अनेक वर्षे खपून १९८० च्या दशकाच्या आरंभी ते पुन्हा वाफेवर चालवले. त्याच वर्गातील के ९२ हेही १९८५ मध्ये नदीकाठच्या भरावातून निघाले आणि पुढे रुळांवर धावले. जागा माहीत होती, पाणी गोडे होते आणि कामाला मनुष्यबळ होते, या तीन गोष्टी तिथे जुळून आल्या.

गाळात ऑक्सिजन फारसा पोहोचत नाही, म्हणून पूर्ण गाडलेला भाग पुष्कळदा चांगला राहतो आणि पाण्याच्या पातळीशी उघडा पडलेला भाग झिजून जातो. खाऱ्या पाण्यातील लोखंडात क्लोराइड मुरलेले असते. असे लोखंड बाहेर काढून नुसते वाळवले तर ते गंजून पापुद्र्यांनी सुटू लागते, आणि ते क्लोराइड काढण्यासाठी क्षारीय द्रावणात दीर्घकाळ ठेवावे लागते. गोड्या पाण्यातील इंजिनाचे नशीब त्या मानाने बरे, तरी बॉयलरबाबत भावना बाजूला ठेवलीच पाहिजे. चौकट, चाके आणि सिलिंडर वाचतील, पण पातळ झालेल्या पत्र्यात दाबाखालची वाफ भरणे हा जिवाशी खेळ आहे, म्हणून जाडी मोजून गरज पडल्यास बॉयलर नवाच करावा.

पाण्यात अल्पकाळ राहिलेल्या इंजिनाचे उदाहरण स्कॉटलंडमधले आहे. २८ डिसेंबर १८७९ रोजी वादळात टे नदीवरील पूल गाडीसह कोसळला आणि गाडीतील सर्व जण दगावले. त्या गाडीचे २२४ क्रमांकाचे इंजिन पुढच्याच वर्षी वर काढून दुरुस्त झाले आणि १९१९ पर्यंत सेवेत राहिले. कर्मचाऱ्यांनी त्याला ‘पाणबुड्या’ असे नाव ठेवले होते.

प्रश्न : उचलताना सर्वांत मोठा धोका कोणता?

उत्तर : घाईने ओढण्याचा. गाळाची पकड इंजिनाच्या स्वतःच्या वजनाहून भारी ठरू शकते, शिवाय बॉयलर, धूरपेटी आणि पाण्याच्या टाक्या रेतीने भरलेल्या असतात. प्रवाहात काम असेल तर भोवती पोलादी पत्र्यांची भिंत ठोकून आतले पाणी उपसतात. काठालगत असेल तर खोदून मोकळे करतात आणि पाण्याचा झोत सोडून तळाची पकड सुटी करतात. आतली रेती आधी काढावी, आणि पट्टे मुख्य चौकटीला बांधावेत. धुराडे, बफर किंवा बॉयलरचे आवरण धरून उचललेले इंजिन वाटेत तुटते.

प्रश्न : नदीत असे काही दिसले तर सामान्य माणसाने काय करावे?

उत्तर : मालकीचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, पण सोडून दिलेली दिसणारी वस्तू बेवारस असतेच असे नाही. अपघातग्रस्त इंजिनात मृतांचे अवशेष असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे. जागेची नोंद करावी, छायाचित्रे घ्यावीत, पाण्याची पातळी लिहून ठेवावी आणि नदीचे व पुरातत्त्वाचे काम पाहणाऱ्या खात्यांना कळवावे. पितळी पट्टी किंवा सुटा दांडा आठवण म्हणूनही घरी नेऊ नये, कारण इंजिनाचे क्रमांक कित्येकदा अशाच भागांवर ठोकलेले असतात आणि ते नाहीसे झाले की सापडलेले इंजिन कोणते, हे ठरवणे फार अवघड होऊन बसते.