आधी पत्रपेटी बघ, मग संवाद

नाटकं वाचायला नॉर्वेच्या इब्सेनपासून सुरुवात करतोयस, छान. पण 'डॉल्स हाउस' (१८७९) उघडताना 'स्त्रीमुक्तीचं नाटक' हे लेबल बाजूला ठेव. पहिल्या वाचनात फक्त वस्तूंकडे लक्ष दे. नोरा लपवून बदामाची बिस्किटं खाते आणि नवऱ्याकडे जाण्याआधी तोंड पुसते. पत्रपेटीच्या काचेतून तिला तिच्या गुपचूप काढलेल्या कर्जाचं बिंग फोडणारं ते घातक पत्र दिसतं, पण किल्ली नवऱ्याकडे, हेल्मरकडे. नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज काढता येत नव्हतं, हा अख्खा कायदा त्या किल्लीत आहे. मला तर शेवटी घर सोडताना नोरा आपटते त्या दरवाज्यापेक्षा ही पेटीच जास्त हलवते.

जर्मनीसाठी इब्सेनला नोरा घरातच थांबते असा शेवट लिहावा लागला होता. तोही शोधून वाच, म्हणजे मूळ शेवटाची ताकद कळेल.

मग स्वीडनच्या स्ट्रिंडबर्गचं 'मिस ज्युली' (१८८८), आणि त्याची प्रस्तावना अजिबात गाळू नकोस.

आणि हो, आपलं 'आंधळ्यांची शाळा' (१९३३) यांच्यासोबतच वाच. नाटककार वर्तकांनी ते नॉर्वेच्याच ब्यॉर्नसनच्या १८८३च्या नाटकावरून घेतलं. लग्नाआधीच्या चारित्र्याचा जाब पुरुषालाही विचारणारी मुलगी मराठी रंगमंचावर आली ती तिथूनच, नॉर्वेहून.