फैजपूर हा तालुका आहे का? लोकसंख्या किती, आणि काँग्रेसचे अधिवेशन नक्की इथेच झाले होते का?

नाही, तालुका यावल (जि. जळगाव). फैजपूर त्यातलं नगरपालिकेचं गाव आहे. प्रांत (उपविभागीय अधिकारी) कार्यालय मात्र फैजपूरला असल्याने, आमच्या यावल-रावेर पट्ट्याबाहेरच्या माणसाचा गोंधळ होणं साहजिक आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २५ ते ३० हजारांच्या दरम्यान होती. हा आकडा फक्त पालिका हद्दीचा, लगतची न्हावीसारखी गावं त्यात धरत नाहीत.

अधिवेशन इथलंच. डिसेंबर १९३६, काँग्रेसचं ५०वं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तोवर अधिवेशनं शहरांत भरायची. खेड्यात भरलेलं हे पहिलं, गांधीजींच्या आग्रहामुळे. अधिवेशननगराला टिळकनगर नाव दिलं होतं, सजावट चित्रकार नंदलाल बोस यांची. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रमही इथेच मंजूर झाला, ते फारसं कुणी सांगत नाही. स्थानिक बाजूने धनाजी नाना चौधरी यांनी बरीच धुरा वाहिली. गावातल्या कॉलेजला त्यांचंच नाव आहे.

भूगोल सोपा: उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मध्ये काळी जमीन आणि केळी. रेल्वे गावात नाही, भुसावळला उतरून एसटी धरा.