आद्याक्षरांचे संघ आणि मराठी वर्णमाला

प्रश्न : आम्ही पाच-सहा मित्र रोज संध्याकाळी रंकाळ्यावर बसून आद्याक्षरांवरून सर्वकालीन क्रिकेट संघ निवडतो. खेळाडूचे नाव धरायचे की आडनाव, इंग्रजी अक्षर की मराठी, यावर आमचे एकमत होत नाही. शिवाय आपल्या कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर एकही कसोटी सामना खेळले नाहीत, म्हणून त्यांना संघात घेता येणार नाही, असे एका मित्राचे म्हणणे आहे. सोबत आमच्या वहीचे एक पान जोडले आहे. कोणता नियम धरावा?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : आडनाव धरावे, कारण धावफलकावर बहुधा तेच लागते. या मुद्द्यावर अधिक वेळ घालवू नये.

आपल्या पानावरचा ‘ह’चा संघ मला फार आवडला. हॉब्स आणि हटन सलामीला, त्यांच्यामागे जॉर्ज हेडली, हॅमंड, हार्वी आणि १९४८ साली अ‍ॅडलेडच्या कसोटीत दोन्ही डावांत शतके काढणारे, आपल्या शेजारच्या सांगलीत जन्मलेले विजय हजारे. यष्टीमागे हिली, आणि गोलंदाजीला रिचर्ड हॅडली, होल्डिंग व हॉल. अकराव्या जागेपुढे आपण पेन्सिलीने ‘फिरकी कोण?’ असे लिहून ठेवले आहे. तेथे श्रीलंकेच्या रंगना हेराथचे नाव निःशंकपणे लिहावे. त्याच्या नावावर ४३३ कसोटी बळी आहेत. सलामीची जोडी, यष्टिरक्षक, वेगवान मारा आणि फिरकी या सर्व जागा भरल्या, तरच त्याला संघ म्हणता येते. नाहीतर ती नुसती थोरामोठ्यांची यादी होते.

खरा प्रश्न अक्षराचा आहे. आपण मराठीत बोलतो, मराठीत वाद घालतो आणि वहीही मराठीतच लिहितो, तेव्हा अक्षर मराठीच असावे असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याचे परिणाम आधी नीट पाहून घ्यावेत. इंग्रजीत दोन निरनिराळ्या अक्षरांखाली जाणारे खेळाडू आपल्या ‘व’मध्ये एकत्र येतात, त्यामुळे वेंगसरकर, विश्वनाथ आणि वाडेकर यांना वॉरेल, वीक्स, वॉल्कॉट, स्टीव्ह वॉ यांच्याशी स्पर्धा करावी लागते, आणि लॉर्ड्‌सवर तीन कसोटी शतके काढणाऱ्या वेंगसरकरांना वगळताना मराठी माणसाचा हात अडखळणारच. इंग्लंडचा यष्टिरक्षक अ‍ॅलन नॉट इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे वेगळ्या अक्षराचा असला, तरी उच्चाराने तो आपल्या ‘न’चा ठरतो. याउलट मखाया एन्टिनीचे आडनाव आपण ‘ए’पासून लिहितो, म्हणून तो ‘न’च्या हातून निसटतो.

सर्वांत मोठी अडचण ‘त’ची आहे. इंग्रजीत तेंडुलकरला ट्रम्पर आणि ट्रूमन यांची सोबत मिळते; मराठीत ते दोघे ‘ट’कडे जातात, आणि तेंडुलकरजवळ यष्टिरक्षक नरेन तम्हाणे, लेगस्पिनर इम्रान ताहीर असे मोजकेच गडी उरतात. आपल्या पानावरही ‘त’खाली चारच नावे आहेत आणि बाकीच्या ओळी कोऱ्या आहेत. तेंडुलकरविना सर्वकालीन संघांची वही पुरी झाली असे मला मुळीच मानता येणार नाही.

यावर उपाय आपल्या वर्णमालेतच आहे. एकट्या अक्षराचा संघ उभा राहत नसेल, तेथे पूर्ण वर्ग धरावा. त, थ, द, ध, न हा तवर्ग एकत्र घेतला की अडचण दूर होते. मात्र त्याआधी निंबाळकरांचा प्रश्न सोडवला पाहिजे.

कसोटी खेळणे ही अट मला मान्य नाही. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळताना निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा केल्या. त्या डावात भांडारकरांबरोबर दुसऱ्या गड्यासाठी त्यांनी ४५५ धावांची भागीदारी रचली. तिसऱ्या दिवशी उपाहारापर्यंत महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या, आणि ब्रॅडमनचा नाबाद ४५२ धावांचा त्या वेळचा विश्वविक्रम गाठायला निंबाळकरांना अवघ्या नऊ धावा हव्या होत्या. तेवढ्यात काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळायला नकार दिला आणि सामना तेथेच संपला. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील भारतीय फलंदाजाची ती अजूनही सर्वोच्च खेळी आहे. ज्याला कसोटीची संधीच मिळाली नाही, त्याला आपल्या वहीतूनही वगळणे म्हणजे तोच अन्याय दुसऱ्यांदा करणे होय, आणि ज्या गावात त्यांचा जन्म झाला त्या गावाने तर तो मुळीच करू नये. आपल्या मित्राला हे आवर्जून सांगावे.

आता तवर्गाचा माझा संघ : धवन, दिलशान, द्रविड, तेंडुलकर, निंबाळकर, धोनी, कपिल देव, नाडकर्णी, थॉमसन, निसार आणि दिलीप दोशी. १९३२ साली लॉर्ड्‌सवर भारताच्या पहिल्याच कसोटीत पहिल्या डावात पाच बळी घेणारा महंमद निसार आणि जेफ थॉमसन नवा चेंडू घेतील, कपिल त्यांच्या मदतीला असेल, आणि एका बाजूने बापू नाडकर्णी धावा रोखून धरतील. नॉटला धोनीसाठी जागा सोडावी लागली आहे. पाचव्या क्रमांकाबाबत मात्र माझ्या मनात अजून खळखळ आहे. पुण्याच्या त्या डावात निंबाळकर पहिला गडी बाद झाल्यावर खेळायला आले होते, म्हणजे त्यांची जागा तिसरी, आणि तिसऱ्या जागेवर द्रविड आहे. यावर आपल्या मंडळींचा निर्णय काय होतो ते अवश्य कळवावे.