अँड्रॉइड स्टुडिओ, ग्रेडल, एसडीके: ॲप बनवायची साधनं किती वेळा आणि कशी अपडेट करावीत?

तुमची अडचण थोडक्यात अशी दिसते: 2023च्या सुरुवातीचा प्रोजेक्ट आहे, ग्रेडल (कोडमधून ॲप बांधणारं साधन) 7.5, त्याला अँड्रॉइडचं ॲप बांधायला शिकवणारं अँड्रॉइड प्लगइन 7.4, टार्गेट एपीआय (ॲप अँड्रॉइडच्या कुठल्या व्हर्जनच्या नियमांनी चालणार तो आकडा) 33. नवा अँड्रॉइड स्टुडिओ टाकल्यापासून बिल्ड होत नाही, आणि त्यातच प्ले कन्सोलचा, म्हणजे गूगल प्लेवर ॲप चढवायच्या जागेचा, टार्गेट वाढवा म्हणून मेल आलाय. एकट्यानं काम करणाऱ्यानं सगळं सतत ताजं ठेवावं की चालतंय तोवर हात लावू नये, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, हात लावायलाच हवा. पण वर्षातून दोनदा, वेळ ठरवून, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून. रिलीजच्या आठवड्यात अजिबात नाही.

मी पतसंस्थांसाठी पिग्मी वसुलीचं ॲप सांभाळतो. एजंटच्या हातात साधा फोन, कमरेला ब्लूटूथचा छोटा प्रिंटर, आणि दिवसभर दुकानोदुकानी फिरून पावत्या काढायच्या. हे ॲप एक दिवस बंद पडलं तरी वसुली अडते. त्यामुळे ‘चालतंय ना, राहू दे’ असं का वाटतं ते मला नीट कळतं. पण तीन वर्षं राहू दिलं की तीन वर्षांचे बदल एकाच आठवड्यात अंगावर येतात, तेही मुदत डोक्यावर असताना. तुमचं आत्ता तेच झालंय.

आधी एक गोष्ट मनात वेगळी करा. स्टुडिओ वेगळा आणि प्रोजेक्ट वेगळा. स्टुडिओ हा एडिटर आहे, तो नवा ठेवायला फारसं घाबरायचं कारण नाही. स्टेबल चॅनल घ्या, कॅनरी, म्हणजे अजून कच्चं व्हर्जन, कामाच्या मशीनवर नको, आणि हवं तर जुना स्टुडिओ शेजारच्या फोल्डरमध्ये तसाच राहू द्या. दोन्ही एकत्र सुखानं नांदतात. बिल्ड कशावर होतो ते मात्र प्रोजेक्टमध्ये लिहिलेलं असतं: ग्रेडलचं व्हर्जन रॅपरच्या (ठरलेलं ग्रेडल आणून चालवणाऱ्या स्क्रिप्टच्या) प्रॉपर्टीज फाइलमध्ये, अँड्रॉइड प्लगइन आणि कोटलिन या भाषेचं व्हर्जन बिल्ड फाइलमध्ये. स्टुडिओ बदलला म्हणून ही व्हर्जन्स आपोआप बदलत नाहीत. ‘प्लगइन अपग्रेड करा’ अशी चौकट येते तिला लगेच हो म्हणू नका, एवढंच.

मग तुमचा बिल्ड का अडला? कारण एक गोष्ट सहसा प्रोजेक्टमध्ये लिहिलेली नसते, ती म्हणजे जावा. तुम्ही पाठवलेला एरर आहे ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन 65’. यातला 65 म्हणजे जावा 21. 61 असता तर जावा 17. स्टुडिओच्या लेडीबग नावाच्या व्हर्जनपासून त्यासोबत येणारा जेडीके (जावाचा संच) 21 झाला, आणि जावा 21 वर चालायला ग्रेडल किमान 8.5 लागतं. तुमचं 7.5 त्या जावाला ओळखतच नाही. म्हणजे तुमच्या कोडमध्ये काहीही बिघडलेलं नाही. सेटिंग्जमध्ये बिल्ड टूल्सखाली ग्रेडल उघडा, तिथे ‘ग्रेडल जेडीके’ असा पर्याय आहे, तो 17 करा आणि पुन्हा सिंक करा. बहुतेक एवढ्यानं जुना प्रोजेक्ट जसा होता तसा उभा राहील. तो उभा राहिल्याशिवाय पुढचं काहीही करू नका. चालत्या स्थितीत गिटमध्ये (कोडमधले बदल जपून ठेवणाऱ्या साधनात) कमिट करा, टॅग लावा, मगच नवी ब्रँच काढा.

आता चढण. ग्रेडल आणि अँड्रॉइड प्लगइन ही जोडी आहे, एकाला सोडून दुसरं पुढे जात नाही. प्लगइन 8.0ला ग्रेडल 8.0 आणि जेडीके 17 लागतो, प्लगइन 8.6ला ग्रेडल किमान 8.7. एपीआय 35 साठी 8.6 पर्यंत तरी यावं लागतं. 7.4 वरून थेट तिथे उडी मारू नका, आधी 8.0 वर थांबा. स्टुडिओच्या टूल्स मेनूमध्ये अपग्रेड असिस्टंट आहे, तो नेमस्पेस (कोडचं पॅकेज-नाव) मॅनिफेस्टमधून (ॲपची माहिती आणि परवानग्या लिहिलेल्या फाइलमधून) काढून बिल्ड फाइलमध्ये हलवण्यासारखी बरीच कामं स्वतःच करतो. त्यानं काय काय बदललं ते गिटच्या डिफमध्ये ओळ न ओळ वाचा.

8.0 वर थांबा म्हणतोय त्याला कारण आहे. या व्हर्जनमध्ये काही गोष्टींचे डीफॉल्ट बदलले. बिल्डकॉन्फिग क्लास आपोआप तयार होत नाही, तो मागावा लागतो. हे लगेच कळतं, कारण लाल रेघा दिसतात. खरी काळजी घ्यायची ती आरएटची, म्हणजे रिलीज बिल्डमधला नको असलेला कोड कापून ॲप लहान करणाऱ्या साधनाची. 8.0 पासून आरएट फुल मोडमध्ये चालतो, म्हणजे वापरात नाही असं त्याला वाटतं ते जास्त कडकपणे कापून टाकतो. जीसनसारखी (सर्व्हरचं उत्तर वाचणारी) लायब्ररी रिफ्लेक्शननं, म्हणजे ॲप चालू असताना नावं शोधून, तुमचे मॉडेल क्लास भरत असेल आणि कीप रूल (काय कापू नये ते सांगणाऱ्या ओळी) नीट लिहिले नसतील, तर डीबग बिल्ड छान चालतो आणि रिलीज बिल्ड सर्व्हरचं पहिलं उत्तर येताच कोसळतो. एमुलेटरवर डीबग चालवून ‘झालं अपग्रेड’ म्हणणाऱ्याला हे दिसतच नाही. म्हणून प्रत्येक पायरीवर सही केलेला रिलीज बिल्ड खऱ्या फोनवर टाकून पाहा. लॉगिन, यादी, सेव्ह, प्रिंट, जे काही मुख्य काम असेल ते सगळं. कीप रूल लिहायला त्या दिवशी वेळच नसेल तर ग्रेडलच्या प्रॉपर्टीजमध्ये फुल मोड तात्पुरता बंद करता येतो.

कोटलिन त्याच दिवशी बदलू नका. 2.0 मध्ये नवा के-टू कंपायलर आला आणि कंपोझचा (अँड्रॉइडवर स्क्रीन बनवायच्या साधनाचा) कंपायलर कोटलिनसोबतच यायला लागला. कंपोझ वापरत असाल तर हा मोठा दिलासा आहे, कारण आधी प्रत्येक कोटलिन व्हर्जनला जुळणारं कंपोझ कंपायलरचं व्हर्जन तक्त्यात शोधत बसावं लागायचं. पण तो वेगळा कमिट, वेगळी चाचणी. दोन गोष्टी एकत्र बदलल्या आणि बिल्ड फुटला, तर कशानं फुटला हे शोधण्यात अख्खी दुपार जाते.

प्लेच्या मेलबद्दल. नवीन ॲप आणि अपडेटसाठी ऑगस्टअखेर टार्गेटची किमान पट्टी एकेक पायरी वर जाते: 2023 मध्ये 33, 2024 मध्ये 34, 31 ऑगस्ट 2025 पासून 35. मुदत चुकली म्हणून ॲप स्टोअरवरून उडत नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांचं चालत राहतं. पण अपडेट चढवता येत नाही, आणि टार्गेट फारच मागे राहिला तर नव्या अँड्रॉइडच्या फोनवर नव्या लोकांना ॲप सापडत नाही. 2025च्या मुदतीला प्ले कन्सोलमधून 1 नोव्हेंबरपर्यंत वाढही मागता येत होती. तेव्हा घाबरून एका रात्रीत आकडा बदलू नका.

कारण टार्गेटचा आकडा म्हणजे नुसता आकडा नाही. कंपाइल एसडीके (कुठल्या अँड्रॉइडच्या एपीआयवर कोड बांधायचा तो आकडा) वाढवलं तर फक्त नवे एपीआय हाताशी येतात. टार्गेट वाढवलं की फोन तुमच्या ॲपशी नव्या नियमांनी वागायला लागतो. आमच्या पिग्मीच्या ॲपमध्ये टार्गेट 31 करताना प्रिंटरशी बोलायला ब्लूटूथ कनेक्टची परवानगी वापरणाऱ्याकडून विचारून घ्यावी लागणार होती. आधी ब्लूटूथची साधी परवानगी मॅनिफेस्टमध्ये लिहिली की भागायचं. हा बदल न वाचता आकडा वाढवला असता तर अँड्रॉइड 12 आणि पुढच्या फोनवर पावतीच निघाली नसती. तुमच्यासमोर आता दोन पायऱ्या आहेत. 34 मध्ये फोरग्राउंड सर्व्हिसचा (सूचना दाखवत चालू राहणाऱ्या कामाचा) प्रकार जाहीर करावा लागतो. 35 मध्ये अँड्रॉइड 15च्या फोनवर स्क्रीन कडेपर्यंत पसरते, त्यामुळे वरचा बार स्टेटस बारखाली जातो आणि खालचं ‘जतन करा’ बटण नेव्हिगेशन बारखाली दबतं. इन्सेट्स (बारांनी व्यापलेली जागा) हाताळावे लागतात, आणि हे काम प्रत्येक स्क्रीनवर बसून करायचं आहे.

तिसरी बाब प्रश्नात नाही, पण तुमच्या ॲपमध्ये प्रिंटर, बायोमेट्रिक किंवा स्कॅनर असेल तर ती सगळ्यात जास्त छळेल. अँड्रॉइडच्या मेमरीचं पान इतकी वर्षं 4 केबीचं होतं. अँड्रॉइड 15 पासून 16 केबी पानाचे फोनही चालतात. अँड्रॉइड 15 किंवा पुढचं टार्गेट असलेल्या नव्या ॲपना आणि अपडेटना 16 केबीचा आधार हवा, ही अट प्लेनं 1 नोव्हेंबर 2025 पासून घातली. निव्वळ कोटलिन किंवा जावा असेल तर प्रश्न नाही. पण एसओ फाइल (सी किंवा सी++ मधून बांधलेली लायब्ररी) आत असेल तर ती त्याप्रमाणे बांधलेली हवी. ती फाइल तुमची असेल तर एनडीके (असा कोड बांधायचं साधन) 28 घ्या, तो मुळातच 16 केबीच्या हिशेबानं बांधतो. प्रिंटरवाल्यानं कधीकाळी दिलेली असेल तर त्याच्याकडून नवी मागावी लागते, आणि ती मिळायला आठवडे जातात. म्हणून हे आजच तपासा: बिल्ड मेनूतून एपीके ॲनालायझर उघडा, लिब फोल्डरमध्ये कुठल्या एसओ फाइल आहेत आणि अलाइनमेंटच्या रकान्यात काय इशारा आहे ते पाहा. पाच मिनिटांचं काम.

लायब्ररी निवडतानाही हाच विचार ठेवा. शेवटचं व्हर्जन कधी आलं, कोण सांभाळतं, हे बघूनच प्रोजेक्टमध्ये घ्या. जेसेंटर (लायब्ररी जिथून उतरवल्या जायच्या ती ऑनलाइन जागा) बंद होणार हे 2021च्या फेब्रुवारीत जाहीर झालं, तेव्हा वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेल्या लायब्ररी फक्त तिथेच पडून होत्या आणि अनेकांची पळापळ झाली. व्हर्जनच्या जागी अधिकचं चिन्ह टाकून ‘जे नवीन असेल ते’ असं कधीही लिहू नका. सगळी व्हर्जन्स एका व्हर्जन कॅटलॉगच्या फाइलमध्ये आणा, म्हणजे काय जुनं झालंय ते एका नजरेत दिसतं.

फ्लटर (अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी एकाच कोडमधून ॲप बनवायचं साधन) असेल तर तत्त्व तेच: एफव्हीएम या फ्लटरची व्हर्जन्स सांभाळणाऱ्या साधनानं प्रोजेक्टचं व्हर्जन बांधून ठेवा, लॉक फाइल गिटमध्ये ठेवा. आयफोनसाठीही बनवत असाल तर मात्र पैशाचा विचार आधीच करा. 24 एप्रिल 2025 पासून ॲपलनं एक्सकोड (आयफोनची ॲप बनवायचं ॲपलचं साधन) 16च्या खालचा बिल्ड घेणं बंद केलं. एक्सकोड 16ला मॅकओएस 14.5 लागतं, आणि 2017ची मॅकबुक एअर अधिकृतपणे माँटेरेच्या, म्हणजे 12च्या पुढे जात नाही. सेकंडहँड मॅक घेताना बहुतेक जण रॅम विचारतात. तो कुठल्या मॅकओएसपर्यंत जातो हे आधी विचारायला हवं.

वेळापत्रकाचं विचारलंत तर आमचं असं आहे. मार्चअखेरीला काहीही हलवायचं नाही, संस्थांचा हिशेब चालू असतो. टार्गेट आणि ग्रेडलचं काम मे-जूनमध्ये, म्हणजे ऑगस्टच्या मुदतीआधी हाताशी दोन महिने राहतात. लायब्ररी आणि एक्सकोडचं काम दिवाळीनंतर, कारण एक्सकोडचं मोठं व्हर्जन सप्टेंबरच्या सुमाराला येतं आणि तोवर त्यातल्या सुरुवातीच्या अडचणी निस्तरलेल्या असतात. सुरक्षेचं अपडेट असेल तर मात्र यातलं काही पाळायचं नाही, ते लगेच.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा: आज जेडीके 17 करून बिल्ड उभा करा आणि एसओ फाइल तपासा. मग प्लगइन 8.0, मग 8.6, मग टार्गेट 34ची चाचणी, शेवटी 35. चढवताना आधी इंटर्नल टेस्टिंगला टाका, दोन-चार विश्वासू वापरणाऱ्यांना द्या, नंतर प्रॉडक्शनला स्टेज्ड रोलआउटनं पाच-दहा टक्क्यांपासून सुरुवात करा. क्रॅश वाढलेले दिसले तर रोलआउट तिथेच थांबवता येतो. पण ज्यांच्या फोनवर नवं व्हर्जन गेलंय त्यांना जुन्यावर परत आणता येत नाही, वाढीव व्हर्जन कोडचा दुरुस्त बिल्डच सोडावा लागतो. त्यासाठी मघाशी लावलेल्या टॅगवरून बिल्ड पुन्हा निघतो का, तेही एकदा करून पाहा.