गुरूवरचा डाग धरायचा तर

भावा, गुरूसाठी पन्हाळ्याला पळायची गरज नाही. शहराच्या उजेडातही तो झकास दिसतो. खरी गोची हवेच्या थरथरीची. तापलेली स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडते, म्हणून दुर्बीण गच्चीऐवजी अंगणात मांड, तीही तासभर आधी. लाल डाग, म्हणजे गुरूवरचं प्रचंड वादळ, नावालाच लाल! सहा इंचीतून फिकट गुलाबी दिसेल, गुरूच्या दक्षिणेकडच्या गडद पट्ट्याच्या खळग्यात बसलेला. तो बिंबाच्या मध्यरेषेवर आला की लगेच वेळ लिही, त्यावरूनच डागाचा रेखांश निघतो. एका मिनिटाची चूक म्हणजे रेखांशात 0.6 अंशांचा फरक. गुरूची स्वतःभोवतीची फेरी 9 तास 55 मिनिटं 41 सेकंदांची, त्यामुळे आजचा डाग पाच फेऱ्यांनी, म्हणजे परवा, सुमारे 1 तास 38 मिनिटं उशिरा मध्यावर येतो. विषुववृत्ताजवळचे ठिपके फेरीमागे पाचेक मिनिटं लवकर फिरतात, त्यांची नोंद वेगळ्या पानावर कर.